वळखीचा ठेका

माझी माय धुरपताबाई. काचबिंदूनं तिची नजर जायला लागली, तवा मी तिला पेडगावहून माझ्याकडं देवगाव फाट्याला आणलं. फाट्यावर आमचं चहाचं हॉटेल हाय. पुढं दोन्ही डोळे गेल्यावर माय दिवसभर दारातल्या बाजेवर बसायची आन रस्त्याकडं कान लावायची. वाल्मीकची वाट बघायची, दुसरं काय.

वाल्मीक माझ्या पाठचा भाऊ. कुवेतला पाण्याचा टँकर चालवायचा. अठ्ठ्याऐंशी साली सुट्टीवर आला तवा संगं टेप आणला आन एकच कॅसेट. तिकडं त्याच्या खोलीत सुदानचा एक डायव्हर होता, त्यानं दिली म्हणं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, फंक म्हणत्यात त्याला. मी म्हणलं, मुडद्या, एवढ्या लांबून आलास आन हा धांगडधिंगा आणलास, एखादं भजन तरी आणायचं. खरं सांगते, मला पहिल्यांदा नुसता कालवा वाटला. पण त्यात मधीच समदी वाजंत्री बंद पडायची आन एकटा ढोल उरायचा, विहिरीवरचं इंजिन एक ठोका खाऊन चालतंय तसा. वाल्मीक तेवढाच तुकडा मागं घेऊन घेऊन लावायचा. मायला म्हणायचा, पहिल्या ठोक्यावर बघ समदा जोर कसा टाकलाय. थोड्याच दिसांत माय बाजेवर बोटं वाजवायला लागली. आन मी बी चहा उकळताना पाय हलवायला लागले, आता लपवून काय करू.

जाताना त्यानं कॅसेट संगंच नेली. मायची नजर तवाच अंधूक झाली होती. तिच्या हातावर हात ठेवून म्हणला, "माय, येताना गाडीत हीच लावून येतो. ह्या मुलखात दुसऱ्या कुणाकडं न्हाई. लांबूनच वळखशील मला."

नव्वदला तिकडं लढाई पेटली. तिकडंच कामाला असलेला पालमचा सिताराम विमानानं परत आला, त्याला इचारलं तर वाल्मीक दिसलाच न्हाई म्हणला. परभणीला साहेब लोकांकडं खेटे घातले, कुणी धड बोललं न्हाई. मी आतून पार खचले होते, पण मायपुढं तोंड उघडायची हिंमत न्हवती. ती आपली म्हणायची, गाडी मिळाली नसंल त्याला.

मंग त्र्याण्णव साली एक दिवस विद्यापीठाच्या नामांतराचा रास्ता रोको होता. गाड्या फाट्यावर थटल्या होत्या. मी कपबशा इसळायले होते, आन तो ठेका कानावर आला. तोच. एकटा ढोल, एक ठोका खाऊन. माझ्या हातातली बशी फुटली. माय तर माझ्या आधी उठली होती. काठी न घेता, "वाल्या आला" म्हणत रस्त्यावर निघाली. मी बी पळाले. देवाशपथ, मला बी तोच आला असं वाटलं.

जीपमधी मानवतचा भुजंग डायव्हर बसलेला. मायनं खिडकीतून हात घालून त्याचं तोंड चाचपलं. नाक, कपाळ, मिशा. मी चिडून इचारलं, ही कॅसेट कुठून उचलली रे? मुंबईहून आणली म्हणला, नवी हाय. नीट ऐकलं तर ढोल तोच, पण त्याच्यावर माणूस गात न्हवता, भराभर बोलत होता.

"अक्का," भुजंग म्हणला, "अमेरिकेतली नवी पोरं जुन्या गाण्यातला ढोलाचा तुकडा कापून घेत्यात आन त्याच्यावर आपलं बोलणं चढिवत्यात. नाचायच्या गाण्यात बी घेत्यात. आता समद्या दुनियेत हाच वाजायलाय."

त्यानं कौतुकानं सांगितलं. त्याला काय माहीत. मायचा हात खाली आला. मी तिला धरून बाजेवर आणून बसवलं, पाणी दिलं, तिनं पिलं न्हाई. मी म्हणलं, माय, तो न्हाई आला, पण त्याचा ढोल तरी आला की न्हाई.

रस्त्यावर जीपमधी ढोल चालूच होता. मंग तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"सारजे, समद्याच गाड्यांत हे वाजाय लागल्यावर, माझा वाल्या आला तर मला कसं कळंल?"