खुंटीवरची माळ

आमच्या ह्यांचं नाव काळूराम. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, नंतर इतक्या वर्षांत मी ते तोंडाने घेतलं नव्हतं. हॉस्पिटलात मात्र खिडकी-खिडकीवर ‘पेशंटचं नाव? पेशंटचं नाव?’ करून त्या लोकांनी माझी लाजच मोडली. आता काळूराम बोलते नायतर हे बोलते, जे तोंडाला येईल ते.

हे काविळीची माळ घालायचे. आमचं गाव सिद्धगडाच्या पायथ्याशी, झाडपाल्याला तोटा नाय. त्यातलं एक झुडूप. नाव मी सांगणार नाय, ते सांगत नसतात. त्याच्या ओल्या काड्या आणायच्या, बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, एकेक तुकडा कच्च्या सुतात गाठ मारून अडकवायचा आन ती माळ आजारी माणसाच्या गळ्यात घालायची. घालताना माळ गळ्याबरोबर असते. मग रोज थोडी थोडी खाली येते. छातीवर आली की समजायचं कावीळ उतरतेय. बेंबीला टेकली की उतरली. मग ती वाहत्या पाण्यात सोडून द्यायची.

मुरबाडची, शहापूरची, पार कल्याणची माणसं यायची. रविवार उजाडला की माझं अंगण म्हणजे एस.टी. स्टँड. कोण पोराला खांद्यावर घेऊन, कोण म्हातारीला रिक्षात घालून. मी जाम कावायचे. “अवो, त्यांना माळ तुमी घाला, पण चहा मी का उकळू? मी काय हॉटेल टाकलंय?” हे गालात हसायचे. बोलायचे, “गोजर, तुझ्या चहानेच अर्धी कावीळ पळते गो.” गोड बोलून काम करून घ्यायचं, ही ह्यांची जुनी खोड. काविळीला डॉक्टरकडे औषध नाय, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला पण ठाऊक. त्यामुळे काळूराम माळवाला बोललं की मान होता. तो मान ह्यांना भारी प्यारा.

मग ह्यांच्या मानेत गाठी आल्या. आधी बोरासारख्या, मग सुपारीएवढ्या. अंग झडलं, डोंगर चढताना दम लागायला लागला. माझा लेक साईनाथ आटगावला गोदामात कामाला, त्याने रजा टाकून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. रक्ताचा कॅन्सर निघाला. पण तिथले डॉक्टर बोलले, घाबरू नका, नव्या औषधांवर आमचा अभ्यास चालू आहे, त्यात काकांना घेऊ. सलाईन नाय, केस जायचे नाय, रोजच्या गोळ्या. फक्त सांगू तेव्हा रक्त तपासायला यायचं.

डॉक्टरांनी फार नीट समजावलं. रक्तातल्या काही पेशी बिघडल्यात. त्यांना सारखा आतून निरोप जातो, ‘वाढा, वाढा’. ही गोळी तो निरोप मध्येच अडवते. निरोप पोचला नाय की पेशी वाढत नाय, मरून जातात. हे ह्यांना असलं आवडलं! गावात येईल त्याला सांगत सुटले, “लग्नाचं आवतान देणाराच वाटेत बसवून ठेवला, तर जेवायला कोण येणार? तशी गोळी हाय ती.” सगळा गाव हसला आन सगळ्या गावाला समजलं पण.

तिथेच डॉक्टरांनी दुसरी एक गोळी दिली. लहानशी, पांढरी. बोलले, “काका, तुमच्या रक्तात जुन्या काविळीचा विषाणू सापडलाय. कधीतरी लागण झाली असेल, तुम्हाला कळलीही नसेल. तो लिव्हरमध्ये झोपून आहे. आपल्या मोठ्या गोळीने शरीराची राखण करणाऱ्या पेशीही सुस्तावतात, त्यांनाही निरोप पोचत नाही. मग हा जागा होऊ शकतो. त्याला झोपवून ठेवायला ही लहान गोळी. रोज, उपाशीपोटी. एक दिवसही चुकवायची नाही.”

ह्यांनी ती गोळी खिशात टाकली. कल्याणला मुरबाडच्या गाडीत बसल्यावर तोंड उघडलं. “मला काविळीची गोळी देतात. मला!”

मला हसूच आलं. मी बोलले, “घ्या की मग. आता कळेल लोकांना कसं वाटतं ते.” सगळी गाडी मागे वळून बघेपर्यंत हसले मी. हे खिडकीबाहेर बघत बसले. त्या हसण्याचं मला आता काय वाटतं, ते कोणाला सांगू?

मोठी गोळी हे माझ्यासमोर घ्यायचे. भाकरी खाल्ली की गोळी, कधी चुकलं नाय. कॅन्सर ही परकी गोष्ट, त्यात डॉक्टर बोलतील ती पूर्वदिशा. लहान गोळी उपाशीपोटी घ्यायची, तर बोलायचे, “ती मी पहाटे डोंगरावर जाताना घेतो.” मी पण मान डोलवायचे. नवरा गोळी गिळतो का नाय, ते बघायला त्याच्या मागे डोंगर कोण चढतंय?

गाठी विरल्या. खरंच विरल्या. मान आधीसारखी झाली, हे परत डोंगर चढायला लागले. मी सिद्धगडाकडे तोंड करून हात जोडले. हॉस्पिटलातून नम्रता नावाची मुलगी दर आठवड्याला फोन करायची. अभ्यासातल्या पेशंटची विचारपूस करणं हे तिचंच काम. ताप आहे का, भूक लागते का, डोळे पिवळे वाटतात का. ह्यांचं उत्तर ठरलेलं, “समदं बेस हाय गो पोरी.”

भातकापणीच्या वेळेला रक्ताची तारीख आली. हे बोलले, भात शेतात उभं टाकून कुठे जाऊ, घरात आलं की जातो. नम्रताने फोनवर खूप समजावलं. ह्यांनी हो-हो केलं आन कोयता घेऊन निघाले. भात घरात आलं तरी जाणं झालंच नाय.

खळ्यावर झोडणी चालली होती. भर उन्हात ह्यांनी टोपी काढून घाम पुसला आन माझ्याकडे बघितलं. डोळे हळदीसारखे. माझ्या हातातली भाताची पेंढी तशीच राहिली. इतक्या वर्षांत शेकडो पिवळे डोळे बघितलेत मी, मला कोणी सांगायला नको.

“नम्रताला फोन लावते,” मी बोलले.

“आन काय सांगशील? काळूराम माळवाल्याला कावीळ झाली?” हे असे भडकले की मजूर थांबले. मग मला बाजूला घेऊन हळू बोलले, “गोजर, ऐक. त्यांना कळलं तर ते पयली मोठी गोळी बंद करतील. गाठी परत येतील. आन काविळीला त्यांच्याकडे हाय काय? माझ्याकडे हाय. तू मला माळ घाल.”

स्वतःची माळ स्वतःच्या हाताने घालत नाय. घालणारा हात दुसऱ्याचा लागतो. आन विद्या एकदा दिली की देणाऱ्याकडे राहत नाय, म्हणून ह्यांनी इतकी वर्षं ती कोणाला दिली नव्हती, साईनाथला पण नाय. ती मला दिली. ओटीवर समोरासमोर बसून, काड्या माझ्या पुढ्यात ठेवून, माझं बोट धरून गाठ शिकवली. लग्नानंतर इतका वेळ हे माझ्याशी कधी बोलले असतील, असं मला आठवत नाय. मला बरं वाटत होतं. खरं ते सांगते.

पहिली माळ झाली ती ह्यांच्या डोक्यातून खाली उतरेना, कपाळालाच अडकली. “ही काय टोपी केलीस काय?” हे बोलले. “तुमचं डोकं हंड्याएवढं, त्याला मी काय करू?” मी बोलले. दोघं हसलो. मी ती फेकायला उठले तर बोलले, “माळ फेकत नाय गो. खुंटीला लाव, मागून नदीत सोडू.” मी ती खुंटीला अडकवली. वर पावसात डोक्यावर घ्यायचं जुनं इरलं टांगलेलं होतं, त्याच्या मागे ती दिसेनाशी झाली. दुसरी माळ नीट झाली. ती ह्यांच्या गळ्यात घातली.

माळ उतरायला लागली. रोज सकाळी बघायचे, बोटभर खाली. छातीवर आली तेव्हा मी सुनेला, अक्षदाला, हाक मारून दाखवली. ती बोलली, “आई, माळ उतरली, पण बाबांचे डोळे तसेच आहेत. फोन करूया ना.” मी तिच्यावरच ओरडले, “तुला काय कळतंय? माळ बघ ना!” ह्यांची भूक गेली होती, भाताचा वास नकोसा झाला होता. पण माळ उतरत होती ना. नम्रताचा फोन आला. हे बोलले, “समदं बेस हाय.” मी चुलीपाशी होते. माळेकडे बघितलं आन तोंड उघडलं नाय.

माळ बेंबीला टेकली त्या दिवशी हे दुपारी बसल्या जागी झोपत होते. उठवलं तर मला बोलले, “आये, भात कापायला कधी जायचं?” भात कापून, झोडून कणगीत पडलेलं. आन मला आये! ह्यांची आई जाऊन किती वर्षं झाली. हातात पेला दिला तर हात फडफडत होते, सगळं पाणी सांडलं. मी बोंबलतच अक्षदाला फोन लावायला सांगितला.

“काकू, डोळे कधीपासून पिवळे आहेत?” नम्रताने विचारलं. मी सांगितलं. ती लगेच बोलली, “आत्ताच्या आत्ता निघा. ती लहान गोळी रोज घेतात ना?”

“घेतात की. रोज.”

हॉस्पिटलात रक्त काढलं, नळ्या लावल्या. डॉक्टर बोलले, झोपलेला विषाणू जागा झालाय, लिव्हर पोखरून टाकलंय. असं व्हायला नको होतं, लहान गोळी चालू होती ना? मी छाती ठोकून सांगितलं, चालू होती. डॉक्टर साईनाथला बोलले, घरी गोळ्या किती उरल्यात ते बघा. साईनाथने अक्षदाला घरी फोन करून शोधायला लावलं. ह्यांचा सुताचा डबा होता, त्यात कोणी हात घालायचा नाय असा नियम. तिने तो उघडला. सुताच्या गुंड्यांखाली लहान गोळीची पाकिटं. सुरुवातीची तेवढी फोडलेली, बाकी जशीच्या तशी. तिने मोबाईलवर फोटो पाठवला. मी तो बघितला आन त्या बेशुद्ध माणसाला भरल्या वॉर्डात वाट्टेल ते बोलले. “अवो काळूराम! तुमच्या मानाला आग लागो! एवढीशी गोळी, गिळली असती तर काय घसा कापला असता?” नर्सने मला धरून बाहेर नेलं.

डॉक्टर रागावले नाय. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तीच लहान गोळी नळीतून द्यायला सुरुवात केली, आणखी पण पुष्कळ केलं. पण लिव्हरमध्ये जीवच उरला नव्हता. हे गेले.

नंतर नम्रता माझ्याजवळ येऊन बसली. तिचे डोळे लाल. मी तिला विचारलं, “पोरी, डोळे पिवळे झाले त्याच दिवशी आलो असतो तर?” ती बोलली, ते आता नका विचारू. मी सोडलं नाय. तेव्हा बोलली, “काकू, खूप फरक पडला असता. या काविळीला औषध आहे.” मग मी कॅन्सरचं विचारलं. ती बोलली, “रक्तात जवळजवळ उरलाच नव्हता. काकांना गोळी खूप छान लागू पडली होती.” हे ऐकून मी काय करायचं होतं? आनंद?

दिवसकार्य उरकलं. पाहुणे गेले. ह्यांचं जुनं इरलं कोणाला तरी देऊन टाकावं म्हणून मी खुंटीवरून काढलं. मागे ती माळ होती. मी बनवलेली पहिली, ह्यांच्या कपाळाला अडकलेली.

ती लांब झाली होती. चांगली हातभर खाली लोंबत होती. ह्यांच्या गळ्यातली झाली होती तेवढीच. काड्या वाळून बारीक झालेल्या, गाठी सैल पडलेल्या, सूत सुटून खाली आलेलं. बस, एवढंच. गळा लागत नाय, माणूस लागत नाय, कावीळ लागत नाय. मी तिला धरून हलवली आन ओरडले, “कोणाची कावीळ उतरवलीस गो? ह्या भिंतीची?” अक्षदा धावत आली. मी तिला कवटाळून जे रडले ते ह्यांना अग्नी देताना पण रडले नव्हते.

माळ मी नदीत सोडली नाय. खुंटीलाच ठेवली.

मागल्या रविवारी सापगाववरून एक बाई सुनेला घेऊन आली. काशी तिचं नाव, मागे तिच्या मुलाला ह्यांनी माळ घातली होती. सुनेचे डोळे पिवळेजर्द. “वैनी, दादांनी विद्या तुमाला दिली असं ऐकलं. पोरीला माळ घाला.”

मी तिला आत नेलं, खुंटी दाखवली. “ही बघ. ही कोणाच्या गळ्यात नव्हती.” आन सगळं सांगितलं, डब्यातल्या पाकिटांसकट. “आधी मुरबाडला सरकारी दवाखान्यात जा. हिचं रक्त तपासून घे. कुठली कावीळ हाय ते कळू दे. अक्षदा येते तुझ्याबरोबर.”

काशीने माळ हाताने चाचपली. मग जरा चिडूनच बोलली, “म्हणजे दादा इतकी वर्षं आमाला फसवत होते? माझा पोरगा तर बरा झाला.”

“तो आपोआप बरा झाला. बरीचशी होतात, असं नम्रता बोलली.” माझा आवाज चढला. “पण फसवत होते असं ह्या घरात बोलू नको, काशी. फसवणारा असता ना, तर स्वतःपुरती ती गोळी गुपचूप गिळली असती. आज इथे ओटीवर बसून तुझ्या सुनेला माळ घातली असती.”

काशीने पिशवी उचलली, अक्षदाने चप्पल घातली. मी तिच्या सुनेला हाताला धरून रस्त्यापर्यंत सोडायला गेले.