लव्हॉनचा घसा

लव्हॉनने दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांची फुली केली. थांब. घरगाडी थांबली नाही. ती आपली बेतानं मागे मागे येत राहिली, आणि लव्हॉनच्या पाठीशी कँपग्राउंडचं सिमेंटचं टेबल होतं. तिनं पुन्हा फुली केली, जोरजोरात हलवली. ओरडायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. घसा सकाळपासून पार बसला होता. आरशात लेलँडचा चेहरा स्वच्छ दिसत होता. तो थेट तिच्याकडेच बघत होता, आणि गाडी येतच होती.

तिनं कडेला उडी घेतली. गाडीची मागची शिडी टेबलाला लागून वाकली.

"अरे थांब, थांब," पेटुनियाच्या फुलझाडांना पाणी घालणारी डोरीन ओरडली तेव्हा कुठे ब्रेक लागला. नेब्रास्कातल्या त्या एवढ्याशा गावाच्या बागेत गाड्या लावायला चार जागा होत्या, आणि त्यांची देखभाल डोरीन करायची. तिनं आधी लव्हॉन धड आहे हे पाहिलं आणि मग तोंड सुरू केलं.

"बायको आहे ती, खांब नाही. विमा-बिमा काढलायस की काय तिचा?"

लेलँड घाईघाईनं खाली उतरला. रंग उडाला होता त्याचा.

"लागलं का गं तुला?" त्यानं विचारलं. विचारलं ते टेबलाकडे बघून. लव्हॉन नळाजवळ उभी होती, त्याच्या डाव्या हाताला, चांगल्या उन्हात.

लव्हॉनने ते पाहिलं. डोरीनच्या काही लक्षात आलं नाही. उन्हानं डोळे दिपतात इथे, असं म्हणून ती पाण्याची नळी ओढत निघून गेली.

आत आल्यावर लव्हॉनने त्याला बसवलं आणि समोर बसून जीभ काढून दाखवली. लग्न झाल्यापासून भांडणं मिटवायची त्यांची हीच रीत होती. तिनं जीभ काढली की तोही काढायचा. लेलँड तिच्याकडे तोंड करून शांत बसून राहिला.

"बोल की काहीतरी," तो म्हणाला. "फार दुखतोय का घसा?"

"मी आत्ता काय केलं, लेलँड?" ती कुजबुजली.



"मधलं सगळं पुसल्यासारखं दिसतं," तो म्हणाला. "कडेकडेचं दिसतं. रस्त्याची पांढरी रेघ दिसते. चालून जातं."

"केव्हापासून?"

"असं काय विचारतेस? तुला माहीतच आहे."

"मला?"

"मग गेल्या उन्हाळ्यापासून वाचून कोण दाखवतंय? पुढे ट्रक आहे, डावीकडे वळण आहे, कडेला हरणं उभी आहेत. मला वाटलं, तुला कळलंय, आणि मला कमीपणा नको म्हणून तू बोलत नाहीस." त्याचा आवाज बारीक झाला. "फार बरं वाटायचं मला त्याचं."

लव्हॉनला आधी ते नीट कळलंच नाही. ती बोलायची, कारण बोलल्याशिवाय तिला राहवत नसे. दिसेल ती पाटी वाचायची, नसलेल्याही वाचायची. पुढच्या गावात नवरे दुरुस्त करून मिळतील, असंही तिनं एकदा वाचून दाखवलं होतं. जन्मभर पेपरातून डोकं वर न काढणारा माणूस या वर्षात तिचा शब्द न् शब्द कान देऊन ऐकत होता. म्हातारपणी गोडी लागली बघ याला माझी, असं तिनं बहिणीला फोनवर सांगितलंसुद्धा होतं.

"आणि मला डुलकी लागायची तेव्हा?"

"पुढच्या ट्रकच्या मागेमागे जायचो. हळूच जायचो गं."

तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"ते तळं आठवतं? पेलिकन पक्षी उतरले होते ते?"

"न आठवायला काय झालं. पूल पडलाय, रस्ता बंद आहे म्हणालीस म्हणून तर तिकडे वळलो."

"पूल धडधाकट होता, लेलँड. मी थट्टा केली होती."

ती दुपार तिनं जपून ठेवली होती. आपली थट्टा ऐकून नवऱ्यानं हसत हसत एवढी मोठी गाडी खरंच आडरस्त्याला घातली, या आनंदात ती कित्येक दिवस होती. आता तिला कळलं, त्याला ती पाटी खरीच वाटली होती. लवकरच मुक्काम करू, तुझ्या घशाला आराम पडेल, असं आज सकाळी तो म्हणाला तेव्हाही तिला भरून आलं होतं.

तिनं उठून आकड्यावरची किल्ली काढली. तो आवाज त्यानं बरोबर ओळखला.

"घर विकलंय आपण," तो म्हणाला. "ही गाडी थांबली तर आपलं काय, लव्हॉन?"

 हे धूड तिनं आयुष्यात कधी चालवलं नव्हतं. किल्ली तिनं स्वेटरच्या खिशात टाकली आणि रात्री तो स्वेटर अंगात ठेवूनच ती झोपली.

सकाळी चहाचं पाणी ओतताना तिचं बोट भाजलं.

"आई गं," ती म्हणाली. चांगलं खणखणीत.

"आला की आवाज." लेलँड ताडकन उठून बसला. इतका आनंद त्याच्या तोंडावर तिनं बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. हातानं चाचपून त्यानं पलंगाखालचे बूट काढले. "चल तर मग. ऊन चढायच्या आत निघू. किल्ली दे."

दारावर टकटक झाली. डोरीन मधाची बाटली घेऊन पायरीशी उभी होती.

"काय म्हणतोय घसा? आज निघालात ना? गाडी काढताना मी उभी राहते हो मागे. माझा आवाज पार स्टेशनापर्यंत जातो."

लव्हॉनने मागे वळून पाहिलं. दोन्ही बुटांच्या नाड्या बांधून लेलँड पलंगाच्या काठावर बसला होता. मान थोडी वाकडी करून तो ऐकत होता. गाडीत ऐकायचा तसंच.

तिनं गळ्यावर हात ठेवला.

"नाही गं," ती घोगऱ्या आवाजात कुजबुजली. "बसलाय तो बसलाच आहे. आता काही आवाज परत येत नाही."

"अगंबाई. मग राहा की. कुणी मुलंबाळं असतील तर त्यांना बोलावून घ्या, तोवर जागा तुमचीच."

लव्हॉनने मध घेतला.  आत पलंगावर लेलँडने एका बुटाची नाडी सोडली, आणि थोड्या वेळानं दुसऱ्याची.