हँडलावरचा ढग

माल तपासणाऱ्या भिंगकाकांनी काळं हँडल ट्यूबलाइटखाली धरलं, तिरपं केलं आणि नापास मालाच्या लाल क्रेटमध्ये फेकलं.

"परत ढग!"

आठवडाभर हेच चाललं होतं. ॲनोडायझिंग होऊन, म्हणजे तेजाबाच्या टाकीत करंट सोडून वर थर चढवून, आलेल्या ॲल्युमिनियमच्या दर हँडलावर काकांना पांढुरका ढग दिसे. काकांची नजर अशी की हँडलावर माशी बसून गेली तर ती कोणत्या पायानं लंगडत होती तेही सांगतील. तेव्हा काकांनी ढग म्हटल्यावर सगळ्यांना ढग दिसला. इंजिनीअरला तर त्याची तीन कारणं सापडली: पाणी जड, करंट जास्त, तेजाब जुनं. पाणी बदललं, करंट उतरवला. ढग हटेना.

रॅकवर माल टांगणारी बाई तेवढी म्हणाली होती, "काका, मला नाही बाई दिसत."

"कसा दिसेल? तुझ्याच तेलकट हातांचा प्रताप हा!" काका चारचौघांत ओरडले होते. तेव्हापासून तिच्या हाती झाडू आला.

आज तेजाबाची टाकीच उपसायची होती. पंप जोडेपर्यंत काका चहा घेत बसले. सहज वर पाहिलं, तर घड्याळावर ढग. पंपावर ढग. इंजिनीअरच्या टकलावरही ढग.

काकांनी कपाळ खाजवल्यासारखं करून डावा डोळा झाकला. टक्कल लखलखलं.

त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. टाकी उपसू द्यावी, मग डावा डोळा मिटून 'गेला ढग' म्हणावं. सगळे माना डोलावतील. बाईच्या हातातला झाडू मात्र तसाच राहील.

ते क्रेटमधलं हँडल घेऊन तिच्यापाशी गेले.

"बघ गं. आहे काही?"

तिनं हँडलाकडे पाहिलंच नाही. त्यांच्या डोळ्याकडे पाहिलं.

"माझ्या सासऱ्यांनाही असंच दिसायचं," ती हळूच म्हणाली. "कुणाला सांगत नाही मी, काका."

काकांनी श्वास भरून घेतला आणि त्या दिवशीच्याच आवाजात ओरडले, "पंप बंद करा! माल चोख आहे. मोतीबिंदू माझ्या डोळ्यात आहे. बाई खरं बोलत होती!"

इंजिनीअरनं एक हँडल उचलून उजेडात फिरवलं.

"काही म्हणा काका, थोडासा आहेच."

बाईनं हसू दाबलं. काकांना मान वर करवेना. त्यांनी तिच्या हातातला झाडू घेतला आणि खाली मानेनं झाडू लागले. जमीन तिनं मघाशीच लख्ख केली होती.