कपिलेच्या छातीतला आवाज

वसुबारसेला मैनानं सोजरबाईच्या कपिलेला ओवाळलं, बाजरीची भाकर नि गवारीची भाजी चारली. दिवाळी सरली तशी कपिलेनं वैरण टाकली. सोजरबाईला दुसरं कारण सापडेना.

मैना तिची धाकटी जाऊ. हिंजवडीतलं रान बिल्डरला गेलं, वाटण्या झाल्या, आणि दोघींच्या गोठ्यांमध्ये भिंत उभी राहिली. भिंतीपल्याड धारा काढताना मैना ओवी म्हणायची,

गाय गं दारात, तिच्या शिंगाला चांदणं
थोरल्या जावंचं गं माझ्या अंगणी नांदणं

"गोड गळ्याखाली इख बरं झाकतं," सोजरबाई कपिलेला सांगायची. दावणीजवळचं पाणी ती आता झाकून ठेवी. मैनाची सावली भिंतीवर हलली तरी हातातलं काम टाकून बघत राही.

शेवटी पुण्याहून जनावरांच्या डॉक्टर हेमाताई आल्या. कपिलेच्या गळ्याखाली सूज होती, मानेची शीर दोरीसारखी फुगली होती. डाव्या कोपरामागं नळी लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

"तिनं काय घातलं तेवढं सांगा," सोजरबाई हळूच म्हणाली. "भिंतीला कान असत्यात."

"कान मी लावलाय, तो पुरे," हेमाताई म्हणाल्या. "काळजाचे दोन ठोके असतात, मधे शांतता हवी. मधे सरसर आली तर कारण शोधायचं. रक्त पातळ झालं, झडप नीट मिटली नाही, जन्मतः भोक असलं, तरी ती येते. पण हिची सरसर नाही. घागरीत पाणी हिंदकळावं तसं वाजतंय. उतारावर कण्हते?"

"व्हय."

त्यांनी धातू शोधायचं यंत्र छातीजवळ धरलं. ते किरकिरलं.

"तार. गाय चावत बसत नाही, ओढते नि गिळते. पोटाच्या पुढ्यातच काळीज. तार पोटातून आरपार गेली, काळजाच्या पिशवीत पू भरलाय. गवत कुठलं?"

"आपल्याच रानातलं," सोजरबाई म्हणाली, आणि थांबली. त्या रानात आता टॉवर चढत होता. सळया बांधायच्या तारेचे तुकडे बांधावर पडलेले तिनं रोज पाहिले होते. गवत तिनं स्वतः कापलं होतं, स्वतःच्या इळ्यानं.

"वाचंल का?"

"खोटं सांगत नाही. उशीर झालाय."

सोजरबाईनं कपिलेच्या कपाळावर हात ठेवला. भिंतीपल्याड गाईच्या गळ्यातली घंटा वाजली. मैनाही त्याच बांधावरून भारा आणायची.

"मैना," तिनं हाक मारली. "गाईला ते गवत घालू नगं. तार हाय त्यात."

पलीकडून उत्तर आलं, "व्हय का? मंजे समदा बांध तुलाच मोकळा."

सोजरबाई हेमाताईंकडं वळली. "ताई, आधी तिच्या गाईचं ऐका," ती म्हणाली.

दोघी भिंतीपल्याड गेल्या. हेमाताईंनी मैनाच्या गाईला नळी लावली. "दोनच ठोके. मधे काही नाही." पिशवीतून त्यांनी बोटाएवढं लोहचुंबक काढलं. "हे गिळवते. तार आलीच तर पोटातच धरून ठेवेल."

मैनानं ते फिरवून पाहिलं, हुंगलं.

"हे आक्कानं दिलं का?"

"माझ्या पिशवीतून निघताना तुम्ही पाहिलंत की."

"मग तुमीच घाला. आक्का, तू दारातच थांब."

सोजरबाई दारात थांबली. लोहचुंबक गाईच्या घशाखाली उतरेपर्यंत तिनं त्यावरची नजर काढली नाही, आणि मैनानं तिच्यावरची.