एकाच वेळी सगळं

मंगरूळपीरला बसस्टँडजवळ अंकितचं औषधांचं दुकान होतं, मागेच घर. गिऱ्हाईक, फोन, कॉम्प्युटर, मोबाइलवरच्या ऑर्डरी, सगळं एकट्यालाच बघावं लागे. एकदा घाईत त्यानं एका म्हाताऱ्याला बीपीच्या गोळ्यांऐवजी भलत्याच गोळ्या दिल्या. वेळीच लक्षात आलं, पण त्याची झोप उडाली.

मग त्यानं ऑनलाइन एक पट्टा मागवला. मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज कपाळावर बसवायचे, बॅटरीचा बारीक करंट मेंदूला द्यायचा. चार कामांवर एकदम लक्ष राहतं म्हणे. आणि राहिलंही. नुसत्या मुंग्या येत. फोन कानाला, हात कप्प्यात, नजर स्क्रीनवर, तरी चूक होईना. थोडाच वेळ लावायचा पट्टा तो दिवसभर लावू लागला. बायकोला, चंदनाला, एवढंच खटकायचं, की तो तिला उत्तर द्यायचा ते मधली दोन कामं उरकून.

एका दुपारी ती मुलीला, रिंकूला, शाळेतून घेऊन आली, तर सासू, सूरजबाई, न्हाणीत पडलेली. खुबा मोडला होता. भिंतीपलीकडे अंकित बिल करत होता.

"लय हाका मारल्या वं," सूरजबाई म्हणाली. घसा बसला होता.

वाशीमच्या दवाखान्यात तिला आत नेल्यावर चंदनानं विचारलं, "तुमाले आवाज आला नाही का?"

"आला ना. पयल्या हाकेपासून आला."

"मंग काहून नाही उठले?"

अंकितनं कपाळ चोळलं. तिथं तांबडे चट्टे पडले होते. "आई पडली हे समजलं होतं. फोनवरचा माणूस काय म्हणते, समोरचा काय मागते, तेही समजून राह्यलं होतं. पण सगळं सारखंच वाटे, चंदना. मी तिले रांगेत ठेवलं."

चंदनानं त्याच्या पिशवीतून पट्टा काढून तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

ऑपरेशन झालं, सूरजबाई वॉकर धरून चालू लागली. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी रिंकू अंगणात सायकलवरून पडली. गुडघा फुटला, ती मोठ्यानं रडू लागली. अंकित ओट्यावर चहा पीत बसला होता; कपाळावरचे चट्टे कधीच गेले होते. त्यानं तिच्याकडे नीट बघितलं, मग दारात आलेल्या चंदनाकडे.

"हे मोठं आहे का?" त्यानं विचारलं. "उठू का मी?"