त्यांना पंख, मला हौद

मी एक गप्पी मासोळी. बोटाच्या पेराएवढीच, पण बोलायचं बरंच साचलंय.

जुन्नरला ताजबीच्या अंगणातल्या हौदात माझा जन्म झाला. तिची सून कशिश हिवतापानं अंथरुणाला खिळली, तेव्हा मलेरियावाल्या कुंडलिकनं माझ्या आईला इथं सोडलं होतं. डासांच्या अळ्या खायच्या, एवढंच आमचं काम. पावसाळ्यात टपोऱ्या अळ्या खाऊन मी चांगली माजले होते.

मग २००३चा उन्हाळा आला. नळ येईना. हौदात वीतभर पाणी उरलं आणि दुपारी ते अंग भाजेल एवढं तापायचं. माझी भावंडं एकेक करून उताणी तरंगली.

तळाच्या फुटक्या कौलाआड अळ्यांची दाटी झाली होती. माझं तोंड तिथं पोचायचं नाही. एवढ्या दाटीत त्यांनाही खाणं पुरेना. त्यात पाणी कढत. अंग भरायच्या आतच त्यांनी घाईघाईनं कोश केले, आणि एका सकाळी कोश फोडून निम्म्या अंगाचे डास उडाले.

मी खालून बघत राहिले. पाणी तेच, उपासमारही तीच. त्यांना पंख मिळाले, मी नुसती वाळले. पोटात असं जळलं की भूकसुद्धा विसरले.

कुंडलिक आला, हौदात डोकावला. "मावशी, हौद पार कोरडा करून घासा. कोपऱ्यात पैदास झालीया."

"आन् ही मासळी?"

"नळ येस्तवर बरणीत ठेवा."

ताजबीनं बरणी खिडकीत ठेवली. त्याच संध्याकाळी कशिशच्या दंडावर एक डास बसला. आमच्याच हौदातला, मी ओळखला. ताजबीनं थाप मारली.

"आम्मी, लई बारीक हाय ह्यो," कशिश म्हणाली.

"पोटाला मिळालं नसंल. चावला का तुला?"

"न्हाई. नुसता बसला व्हता."

तरी ताजबीनं सुनेच्या कपाळाला हात लावून पाहिला.

माझं राहिलेलं काम ताजबीनं केलं, मला बरं वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, मेलेल्या त्या डासाचाही मला हेवा वाटला. सगळं अंगण त्यानं उडत पार केलं होतं.

आता हौद भरलाय, मी परत त्यात आहे, खाऊनपिऊन सुखी. तुम्ही हौद धुवाल तेव्हा आम्हाला आधी बरणीत काढा. आणि बरणी खिडकीतच ठेवा. तिथून बाहेरचं दिसतं.