मी, पेनाच्या संगणकाची पोथी

अहो, इकडे टेबलावर बघा. मी बोलतेय. खिशात मावणाऱ्या, पेनाने चालणाऱ्या संगणकासाठी प्रोग्रॅम कसे लिहायचे, ते शिकवणारी पोथी. संगणक तळहाताएवढा आणि मी उशीएवढी जाड, म्हणून लोक हसायचे. हसू देत. काचेवर काढलेलं अक्षर यंत्राने ओळखायचं, ही करामत तुमच्या मोबाइलच्या कितीतरी आधी माझ्या पानांत होती.

नव्वदच्या दशकात वसईजवळच्या पाचूबंदरच्या शेल्डनने पहिल्या नोकरीत मला विकत घेतलं. पेन्सिलीने खुणा करत त्याने माझा फडशा पाडला. फार सुखाचे दिवस होते ते. पुढे ती यंत्रंच बाजारातून उठली आणि माझी रवानगी माळ्यावर, नाताळच्या गोठ्यातल्या मातीच्या मेंढ्यांशेजारी झाली. त्याची बायको फ्लॉसी दर वर्षी मला रद्दीत काढायची आणि शेल्डन मला परत वर ठेवायचा.

गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्याच्या आईची, इनेझची, वाचा गेली. बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणारी बाई ती, आवाज पार होड्यांपर्यंत पोचायचा. आता उजवा हात लुळा, डावा तेवढा चालतो. नात मेलिसाने फोनवर सोय केली. आजीने बोटाने लिहायचं आणि फोनने ते वाचून दाखवायचं.

इनेझने लिहिलं, 'पानी'. फोनने ते परस्पर सुधारलं आणि शुद्ध सुरात म्हणाला, "पाणी." तिने पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. फ्लॉसीने पेला पुढे केला तर तोंड फिरवलं. आजीला दुसरंच काही हवंय असं समजून मेलिसाने चहा, औषध, चादर, सगळं विचारून पाहिलं. इनेझला रडू फुटलं. त्यानंतर तिने फोनला हात लावला नाही. माळ्यावर मला सगळं ऐकू येत होतं, फार वाईट वाटलं.

शेल्डनच्या मात्र ध्यानात आलं. "आय कधी पाणी म्हणते का गं?" तो मेलिसाला म्हणाला. "फोन तिच्या तोंडी भलत्याच कुणाचं बोलणं घालतोय."

मग त्याने मला खाली काढलं, धूळ झटकली आणि आपली जुनी खूण शोधली. लिहिणाऱ्याचा शब्द यंत्राला माहीत नसेल तर यंत्राने तो शिकावा, बदलू नये, असं मी तिथे सांगून ठेवलंय. त्याबरहुकूम त्याने नवा प्रोग्रॅम लिहिला. माझ्या आज्ञा जुन्या झाल्यात, पण विचार उपयोगी पडला. मला तेवढं पुरे.

रविवारी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना करून आल्यावर सगळे इनेझभोवती बसले. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर तिने बोट टेकवलं.

"पानी," फोन म्हणाला.

ती पेलाभर प्यायली. मग बोट पुन्हा चालू लागलं आणि फोनने वाचलं, "माजा आवाज मोटा कर."

शेल्डनने होता नव्हता तेवढा आवाज वाढवला.

हल्ली मी तिच्या टेबलावर फोनला टेकू देऊन असते. अंगावर चहाचे डाग पडतात, पण मी मजेत आहे. तुम्हाला एकच विनवणी, कुणी आपल्या बोलीत काही मागितलं तर शब्द सुधारत बसू नका, आधी ते द्या. शेजारी अधूनमधून येऊन आवाज कमी करा म्हणतात. आमच्या घरात ते कुणी ऐकत नाही.